21 गिअरपैकी घाटात कामाचा एकच

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. वय 43, वजन 74 किलो. 21 गिअरची हायब्रिड, वजन अंदाजे 14 किलो, 700x35 टायर, मेकॅनिकल डिस्क ब्रेक. कोल्हापूरच्या फुलेवाडी-बालिंगा-कळे रस्त्यावर चाळीस-पन्नास किलोमीटर आरामात होतात, पण वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ लागला की गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं आणि शेवटी उतरून ढकलावं लागतं. डिसेंबरात कॅरिअरवर सामान बांधून गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परत, असा बेत आहे. दुकानदार म्हणतोय, ही विका आणि रोड बाइक घ्या. घ्यावी का?

माझं उत्तर: आत्ता नको. तुमच्या एवढ्या मोठ्या मजकुरात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलाय: ‘पुढचा बारका गिअर नीट पडत नाही, पडला तर चेन आत निसटते, म्हणून मी मधल्यावरच चढवतो.’ दुखणं तिथंच आहे. घाटात 21 गिअर कामाला येत नाहीत. सगळ्यात हलका एक येतो, आणि तोच तुम्ही बंद करून ठेवलाय.

आता हे आकड्यांत बघू. सायकल उभी करून दात मोजा. मागे सात गिअर असलेल्या टूर्नी सेटमध्ये (शिमानोचा साधा गिअर सेट) बहुतेक वेळा पुढच्या तीन चक्रांना 42-34-24 दात आणि मागच्यांना 14 ते 28 असतात. काही हायब्रिडना पुढे 48-38-28 येतं. तसं असेल तर खालचे आकडे तुमच्यासाठी बदलतील, म्हणून मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका. मी 42-34-24 धरून चालतो.

पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागलं की पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती फिरतं ते कळतं. तुम्ही चढता ते 34 भागिले 28, म्हणजे 1.21. चाकाचा परीघ 2.17 मीटरच्या आसपास, म्हणजे एका फेऱ्याला 2.63 मीटर. बारक्यावर 24 भागिले 28, म्हणजे 0.86, एका फेऱ्याला 1.86 मीटर. फरक कागदावर किरकोळ वाटतो. पायाला तो किरकोळ नाही.

तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून 90 किलो धरा. 8 टक्के चढावर (शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर) गुरुत्वाकर्षण आणि टायरचं घर्षण मिळून साधारण 78 न्यूटन जोर मागं ओढत असतो. नियमित चालवणारा, पण शर्यतीत न उतरणारा माणूस तासभर 150 वॉटच्या आसपास ताकद देऊ शकतो. तेवढ्या ताकदीत वेग येतो ताशी 7 किलोमीटर. गिअर कुठलाही लावा, वेग तोच राहणार, कारण ताकद तेवढीच आहे. बदलतं ते एवढंच, की त्या वेगाला पाय किती वेळा फिरतात. 34-28 वर (पुढे 34, मागे 28) मिनिटाला 44 फेरे. 24-28 वर 62. आणि मागं 34 दातांचं चक्र बसवलंत तर 24-34 वर 76.

मिनिटाला 44 फेरे म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पायडलवर जवळजवळ उभं राहणं. वजनाचा तो सगळा दाब गुडघ्याच्या वाटीमागे येतो, आणि दर किलोमीटरला काही शे वेळा येतो. त्यात चढाचा एखादा तुकडा 10 टक्क्यांचा आला की वेग पावणेसहावर उतरतो आणि 34-28 वर फेरे 36 होतात. तिथं तुम्ही उतरता. त्यात दमाचा किंवा वयाचा दोष नाही, तो गिअर त्या चढाचा नाही एवढंच.

म्हणून पहिलं काम फुकटातलं: पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, जागेवर आणणं.

सायकल स्टँडवर किंवा उलटी ठेवा. पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याची (ज्या दोन पट्ट्यांमधून चेन जाते त्याची) बाहेरची पट्टी वरून बघताना मोठ्या चेनरिंगला, म्हणजे पुढच्या मोठ्या चक्राला, समांतर हवी, आणि मोठ्या रिंगच्या दातांपासून 1 ते 3 मिलिमीटर वर हवी. पिंजरा जास्त उंच किंवा वाकडा असेल तर पुढचे स्क्रू कितीही फिरवा, काम होणार नाही. हे जमलं की पुढे बारकी रिंग आणि मागे सगळ्यात मोठं चक्र, अशी चेन हातानं ठेवा आणि केबलचा बोल्ट सैल करा. आता एल लिहिलेला स्क्रू असा लावा, की पिंजऱ्याची आतली पट्टी चेनला जेमतेम लागत नाही. फट अर्धा मिलिमीटर पुरे. फट जास्त ठेवलीत की चेन आत निसटते. तुमची तक्रार हीच. फट ठेवलीच नाहीत तर चेन बारक्यावर उतरायला तयार होत नाही. मग शिफ्टर सर्वात खालच्या आकड्यावर ठेवून केबल हातानं ताणा, बोल्ट घट्ट करा आणि मधली व मोठी रिंग तपासा. मोठ्या रिंगवरून चेन बाहेर पडत असेल तर एच स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या.

एवढं करूनही चेन बारक्यावर आळसानं उतरत असेल तर बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस फ्रेममध्ये जिथं बसतो त्या जागेच्या) खाली बघा. तिथं केबल एका प्लॅस्टिकच्या खोबणीतून जाते. पावसाळाभर चालवलेल्या सायकलीत त्या खोबणीत चिखल वाळून सिमेंट झालेला असतो, केबल अडकते आणि स्प्रिंगला पिंजरा मागं ओढता येत नाही. खोबण खरवडून साफ करा, केबलला गंज असेल तर आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही बदला. नुसतं तेल मारलं तर आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा तेच.

वापरायची पद्धतही बदला. बारका गिअर चढ लागल्यावर, पाय अडकल्यावर टाकायचा नसतो. वाघबीळच्या फाट्यावर वळतानाच, अजून पायात ढील आहे तोवर टाकायचा. टाकताना अर्धा फेरा जोर कमी ठेवायचा, पण पाय थांबवायचे नाहीत. चेन ताणलेली असताना ढकललीत की ती एक तर उतरत नाही, नाहीतर उतरते ती थेट फ्रेमवर.

दुसरं काम पैशाचं, पण थोड्या: मागचं फ्रीव्हील (मागच्या सात चक्रांचा गठ्ठा) 14-28 ऐवजी 14-34. सात गिअरचं मेगारेंज नावानं मिळतं. त्याचे दात 14-16-18-20-22-24-34, म्हणजे पहिली सहा चक्रं तुमच्या आत्ताच्यासारखीच आणि शेवटचं एकच मोठं. 24 वरून 34 वर उडी मोठी आहे, पाय एकदम मोकळे सुटल्यासारखे वाटतात. सपाटीच्या सायकलीला मी हे सुचवणार नाही. पण घाटात ते शेवटचं चक्र म्हणजे राखीव पैसा आहे, बाकीच्या वेळी त्याच्याकडे बघायचंही नाही.

बसवताना तीन ठिकाणी फसगत होते.

एक, मागचा डिरेलर. दोन बारक्या चाकांमधलं अंतर आखूड असलेला, म्हणजे आखूड केजचा डिरेलर 28 दातांपर्यंतचाच असू शकतो. 34 वर तो चक्राला घासतो. लांब केजचा हवा. क्षमतेचा हिशेब असा: पुढचा फरक 42 वजा 24 म्हणजे 18, मागचा 34 वजा 14 म्हणजे 20, बेरीज 38. लांब केजच्या टूर्नीची क्षमता साधारण 43 असते, त्यामुळे तो पुरतो. डिरेलरच्या मागच्या बाजूला मॉडेल नंबर कोरलेला असतो, तो दुकानात दाखवून खात्री करा.

दोन, चेनची लांबी. सहा दात वाढले की चेन साधारण दीड इंच जास्त लागते, म्हणजे प्रत्यक्षात दोन इंच. जुनी चेन आधीच काटेकोर कापलेली असेल आणि चुकून 42-34 जोडी लागली, तर चेन ताणून डिरेलरच उपटून काढते. ती जोडी वापरायची नाही हे खरं, पण अंधारात, दमल्यावर हात चुकतोच. म्हणून नवी चेन मोठी रिंग आणि मोठं चक्र यांच्यावरून, डिरेलरमधून न ओवता गुंडाळायची आणि जिथं टोकं जुळतात त्यापेक्षा दोन कड्या जास्त ठेवून कापायची.

जुनीच चेन चालवायची का, ते पोलादी पट्टी ठरवेल. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. बरोबर 12 इंचांवर चोविसाव्या पिनचा मध्य यायला हवा. पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर जुनं फ्रीव्हीलही तिच्याबरोबर झिजलेलं आहे. झिजलेली चेन नव्या फ्रीव्हीलवर लावायची काटकसर करू नका, जोर दिला की दात सोडते आणि महिन्याभरात नवं फ्रीव्हीलही खाते.

तीन, एल स्क्रू, आता मागच्या डिरेलरचा. नवीन मोठ्या चक्रावर चेन चढते पण पुढे चाकाच्या तारांत जात नाही, हे हातानं पायडल फिरवून, डिरेलरला बोटानं आत दाबून बघायचं. सायकल कधी उजव्या अंगावर पडली असेल किंवा गाडीच्या डिकीत तशी आडवी ठेवली असेल तर डिरेलरचा हँगर (तो ज्यावर टांगलेला असतो ती पट्टी) आत वाकलेला असू शकतो. सपाटीला ते जाणवत नाही, कारण मोठ्या चक्रावर तुम्ही जातच नाही. घाटात पहिल्यांदा तो गिअर टाकता, डिरेलर तारांत घुसतो आणि हँगर, डिरेलर, दोन-चार तारा एका झटक्यात जातात. मागून बघा: डिरेलरची दोन्ही बारकी चाकं आणि फ्रीव्हीलचं चक्र एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. शिवाय बी स्क्रू लावून वरचं बारकं चाक आणि 34 चं चक्र यांत पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा.

फ्रीव्हील काढणं हे घरी करायचं काम नाही. पायडल मारून मारून ते स्वतःलाच घट्ट करत जातं, त्यामुळे रिमूव्हर व्हाइसमध्ये धरून चाक डावीकडे फिरवावं लागतं. चांगल्या कारागिराला दहा मिनिटं लागतात. फ्रीव्हील, चेन आणि मजुरी मिळून साधारण दोन-तीन हजारांत भागावं.

आता दुकानदाराच्या रोड बाइकचं. ती वाईट नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. कॉम्पॅक्ट रोड बाइकला पुढे 50-34 असतं आणि मागे 11-28 असेल तर सर्वात हलका गिअर 34 भागिले 28. ओळखीचा वाटतो? तुमचा गुडघा आज ज्या गिअरवर ओरडतोय, तोच गिअर तुम्ही लाखाच्या आसपास मोजून परत घरी आणाल. मागे 11-32 असलं तरी 1.06. तुमची 24-34 वाली ‘जुनाट’ सायकल 0.71 वर आहे.

हलक्या वजनाचा फायदा होतो, पण किती? 14 किलोऐवजी 10 किलोची सायकल घेतलीत तर 90 किलोचे 86 होतात. 8 टक्क्यांचा दहा किलोमीटर चढ धरला तर 150 वॉटवर 86 मिनिटांऐवजी 82. चार मिनिटं. आणि बहुतेक रोड बाइकला कॅरिअर बसवायची भोकंही नसतात. नवी सायकल घ्यायचं खरं कारण एकच असू शकतं: फ्रेमचं माप चुकलेलं असणं. वरच्या दांड्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर अंतर उरत नसेल, किंवा सीटपोस्ट कमाल खुणेपर्यंत काढूनही सीट खालीच वाटत असेल, तर ते कुठल्याही सुट्या भागानं दुरुस्त होत नाही.

सीटवरून गुडघ्याकडे येतो, कारण गिअर हे एक कारण झालं, सीटची उंची हे दुसरं. गुडघा पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून, खोबणीत दुखत असेल तर सीट वर आहे. तुम्ही वाटीखाली म्हणताय, म्हणजे दोन्ही तपासायला हवं. आपल्याकडे सिग्नलला दोन्ही पाय टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय फार आहे.

मोजायचं असं. अनवाणी भिंतीला टेकून उभे रहा, पायांमध्ये जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर घ्या. त्याला 0.883 नं गुणा. 80 सेंटिमीटर आलं असेल तर 70.6, क्रँकच्या मध्यापासून (पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात तिथून) सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटपोस्टच्या रेषेत, एवढं अंतर. हा आकडा सुरुवातीचा आहे, शेवटचा नाही. ताळा करायला टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला न्या, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. चवडा ठेवलात की आपोआप थोडा वाक राहतो. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट वर झाली. बदल एका वेळी पाच मिलिमीटर, आणि मध्ये दोन-तीन फेऱ्या. एकदम तीन सेंटिमीटर वर केलीत तर पुढचं दुखणं थांबून मागचं सुरू होईल.

एक मात्र सांगून ठेवतो. गुडघा सुजत असेल, जिना उतरताना दुखत असेल, अडकत असेल किंवा चालवणं थांबवूनही दोन दिवस दुखत राहत असेल, तर तो सायकलीचा प्रश्न राहिला नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे जा, पान्हा नंतर.

आता तुमच्या बेताबद्दल, कारण त्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर, आणि रस्ता वाटेवरच्या असळज गावाच्या पुढेही सावकाश चढत जातो. छातीवर येणारा चढ जाताना लागतच नाही. गगनबावडा सह्याद्रीच्या धारेवर आहे. तिथून करूळ घाट सरळ खाली कोकणात उतरतो. म्हणजे पहिला दिवस मजेचा, आणि खरा घाट दुसऱ्या दिवशी, थकलेल्या पायांनी, सामानासकट, वैभववाडीची दमट हवा अंगावर घेऊन. त्यानंतरही घरापर्यंत पंचावन्न किलोमीटर उरतात. म्हणून तयारी परतीची करा. वैभववाडीहून उजाडताना निघा आणि ऊन चढायच्या आत गगनबावडा गाठा. आणि जायच्या आठवड्यात घाट चालू आहे का ते विचारून घ्या. करूळ घाट दरडींमुळे आणि रस्त्याच्या कामामुळे मोठ्या काळासाठी बंद राहिलेला आहे, अशा वेळी वाहतूक भुईबावडा घाटानं वळवतात आणि तो रस्ता अरुंद आहे.

उतरण्याची काळजी मला चढण्यापेक्षा जास्त वाटते. चढताना चूक झाली तर तुम्ही थांबता. उतरताना थांबता येत नाही, हीच चूक असते.

सामानासकट 96 किलो वजन 500 मीटर खाली आणलंत तर सुमारे 4.7 लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जायला हवी. दीड लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता. काही हवेत जाते, उरलेली सगळी तुमच्या दोन डिस्कमध्ये आणि चार पॅडमध्ये. ब्रेक सतत हलका दाबून ठेवला तर डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही, पॅडवर चकाकी येते आणि लिव्हर तेवढाच दाबून सायकल कमी थांबते. म्हणून वेग वाढू द्या, वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक ठाम दाबून वेग पाडा, मग सोडा. वळणात ब्रेक शक्यतो नाही. थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. त्याला घाबरून नुसता मागचा दाबणारे मागचं चाक घसरवतात. हात भरून आले, किंवा जळका वास आला, तर बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबा. डिस्कला बोट लावून बघू नका, कातडी चिकटते.

मेकॅनिकल डिस्कमध्ये आपल्याकडे सरसकट होणारी एक चूक सांगतो. तुमच्या ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, बाहेरचा. तो डिस्कला किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की लोक केबल ताणतात. लिव्हर पुन्हा घट्ट लागतो, पण कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) हात आधीच अर्ध्या वाटेवर सरकलेला असतो आणि ऐन वेळी त्याला पुढे जायला जागा उरत नाही. योग्य क्रम उलटा आहे. केबल सैल करून हात पूर्ण मागे येऊ द्या. आतल्या बाजूच्या नॉबनं किंवा एलन-कीनं स्थिर पॅड डिस्कपासून कागदभर अंतरावर आणा. मग केबल नुसती ढील काढण्यापुरती ओढा.

पॅडचा मसाला अर्धा मिलिमीटर उरला की बदला. घाटाला जाताना एक मिलिमीटरखाली असतील तरी बदला आणि जुने पिशवीत ठेवा. पॅडचे आकार अनेक आहेत, जुना पॅड हातात घेऊनच दुकानात जा. डिस्कवर ‘रेझिन ओन्ली’ अशा अर्थाचा शिक्का असेल तर मेटल पॅड लावू नका, डिस्क खातात. नवे पॅड लगेच पकडत नाहीत. ताशी वीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत पंधरा-वीस वेळा ब्रेक मारून ते बसवावे लागतात, आणि हे काम कोल्हापुरात करायचं, करूळच्या पहिल्या वळणावर नाही. चेनला तेल देताना स्प्रे वापरू नका. त्याचे कण डिस्कवर बसतात, ब्रेक कर्कश ओरडतो आणि पॅड कायमचे वाया जातात. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं थांबून वरचं पुसून टाकायचं. रस्त्यावरची धूळ धरून ठेवणारं घट्ट इंजिन ऑइल तर नकोच.

डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम, हे वेगळं सांगायला नको. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना पहिली ट्रॉली गेली म्हणून आत येऊ नका; दुसरी वळणावर तुमच्या बाजूला आणखी आत कापते. रस्त्यावर पडलेल्या कांड्या गाड्यांखाली चेपून रस पसरतो, तो पट्टा ओल्या रस्त्याइतकाच निसरडा. पाल्याचा लांब तुकडा डिरेलरच्या बारक्या चाकात गुंडाळला की चेन उड्या मारायला लागते. अशा वेळी गिअर बिघडला असं समजून स्क्रू फिरवत बसू नका, आधी वाकून बघा.

सामान सहा किलोच्या आत ठेवा आणि दोन्ही बाजूंना सारखं वाटा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे मागच्या वजनानं अॅक्सल (चाकाचा आस) वाकतो. उजव्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, त्या आधी तुटतात. निघण्याच्या आठवडाभर आधी मागच्या चाकाचा आऊट (डोलणं) काढून तारांचा ताण सारखा करून घ्या. दोन जादा तारा, त्याच मापाच्या, फ्रेमला टेपनं चिकटवा. उजवी तार तुटली तर फ्रीव्हील काढल्याशिवाय नवी घालता येत नाही, म्हणून बोटाएवढा रिमूव्हर सोबत ठेवा. त्याला लागणारा मोठा पान्हा कुठल्याही ट्रॅक्टरच्या गॅरेजात मिळतो. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, चेन तोडायचं साधन, सात-आठ गिअरच्या चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). गावातल्या दुकानात 28 इंची साध्या सायकलचा टायर मिळेल, पण त्याचा रिम 635 मिलिमीटरचा आणि तुमचा 622 चा. तो बसणार नाही. त्याची ट्यूब मात्र अडचणीला घडी घालून चालते. हवा मागे 60-65, पुढे 50-55 पीएसआय, टायरच्या कडेवरच्या कमाल आकड्याच्या आत.

खाण्याचं फार लांबवत नाही. तासाला 500 ते 750 मिली पाणी, एका बाटलीत चिमूटभर मीठ आणि साखर, आणि दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं: एक मोठं केळं आणि गुळाचा एक खडा एवढ्यात भागतं. भूक लागायच्या आधी खायचं. मिसळ परत आल्यावर. तिखट तर्री पोटात घेऊन घाट चढणं हा वेगळाच व्यायाम आहे.

जायच्या आधी एक चाचणी. सगळं दुरुस्त झाल्यावर तेच सहा किलो बांधून वाघबीळवरून पन्हाळा चढा, बारकी रिंग फाट्यावरच टाकून. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर. मिनिटाला साठच्या वर फेरे टिकले आणि दुसऱ्या दिवशी गुडघा गप्प राहिला, तर करूळ तुमच्या आवाक्यात आहे. फेरे टिकले पण गुडघा तरीही बोलला, तर सीटकडे परत या. आणि 24-34 वरही फेरे पन्नासखाली येत असतील तर यंत्र पुरेसं हलकं झालेलं आहे, पायांना अजून सहा-आठ आठवडे हवेत. बेत जानेवारीच्या शेवटी ढकला, थंडी तेव्हाही असते.

दात मोजून तिन्ही रिंग, फ्रीव्हीलचं सर्वात मोठं चक्र आणि मागच्या डिरेलरवरचा नंबर एवढं कळवा. 48-38-28 निघालं तर फ्रीव्हीलच्या आधी क्रँकसेट (पायडलचे दांडे आणि पुढची चक्रं) बदलावा का, हा प्रश्न वेगळा होतो, त्याचं उत्तर आकडे बघूनच देता येईल.